ता. क. मधली ओळ

पत्र सांगलीहून आलं आहे. नाव छापू नका असं लिहिलंय, ते छापत नाही. मजकूर थोडा कमी करून देते.

‘ताई, मी ३३ वर्षांची. बँकेत कॅश काउंटरला आहे, सहा वर्षांची मुलगी आहे. चौदाव्या वर्षी पाठीला बाक (स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वळणं) असल्याचं कळलं. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, उंची थांबली की हेही थांबेल. एकविसाव्या वर्षी एक्स-रे काढला तेव्हा ५४ अंश होता, आता ६१ आलाय. पुण्याच्या सर्जननी डी ४ ते एल ३ फ्युजन सुचवलंय, म्हणजे छातीच्या चौथ्या मणक्यापासून कमरेच्या तिसऱ्या मणक्यापर्यंत स्क्रू-रॉड घालून मणके एकमेकांना जोडायचे. घाई नाही म्हणाले, पण करायचं तर चाळिशीच्या आत करा म्हणाले. संध्याकाळी कंबर भरून येते, घरी आल्यावर पंधरा मिनिटं आडवं पडल्याशिवाय कणीक मळवत नाही. सासूबाई म्हणतात, “लुळी पडशील.” त्यांच्या मावसबहिणीचं फार पूर्वी असं ऑपरेशन झालं होतं, ती कित्येक महिने प्लास्टरमध्ये होती. हे म्हणतात, “तुला वाटेल तसं कर.” मी काय करू?

ता. क. : माझा टेलर ब्लाउजसाठी दोन्ही बाजूंची वेगवेगळी मापं घेतो. चांगला माणूस आहे, काही बोलत नाही. पण मी लग्नापासून मागे बंद गळ्याशिवाय ब्लाउज शिवला नाही. हे कारण धरायचं असतं का? हसू नका.’

हसले नाही. तुमचं खरं पत्र मला ता. क. पासून सुरू होताना दिसलं, म्हणून उत्तरात तिकडे येणारच आहे. आधी बाकीचं.

मी डॉक्टर नाही. वयाच्या ३९ व्या वर्षी, ६८ अंशांच्या बाकासाठी माझं फ्युजन झालं, डी ३ ते एल ४. त्याला दहा वर्षं झाली. त्यामुळे मी जे लिहिते ते एका रुग्णाचं लिहिणं आहे, आणि तुमचा सर्जन त्याच्याविरुद्ध काही म्हणाला तर त्याचं ऐका.

पहिलं काम आकड्यांचं. ५४ चे ६१ झाले हे तुम्ही दोन रिपोर्टांवरून लिहिलंय. रिपोर्ट बाजूला ठेवा, दोन्ही फिल्म शोधा. बाकाचा कोन मोजायची पद्धत न्यूयॉर्कच्या डॉ. कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली, तीच आजही चालते. बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला जे मणके सर्वांत जास्त कललेले, त्यांच्यावरून रेघा ओढायच्या आणि मधला कोन मोजायचा. आता ‘सर्वांत कललेला’ मणका कुठला, यात दोन डॉक्टरांचं एकमत होईलच असं नाही. एकाच फिल्मवर पाचेक अंशांचा फरक सहज पडतो. एक फिल्म झोपून काढलेली आणि दुसरी उभ्यानं असेल तर तुलनेला अर्थच नाही, कारण झोपल्यावर बाक कमी दिसतो. म्हणून दोन्ही फिल्म एकाच सर्जनसमोर ठेवा आणि तेच मणके धरून दोन्ही मोजायला सांगा. फरक तरीही सात अंशांचा निघाला तर तो खरा.

खरा निघाला असं धरू. बारा वर्षांत सात, म्हणजे वर्षाला अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. यात नवल नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन न झालेल्या रुग्णांचा तब्बल पन्नास वर्षं माग ठेवला. उंची थांबल्यावर ३० अंशांच्या आतला बाक सहसा तिथेच राहतो, आणि छातीच्या भागातला बाक ५० च्या पुढे गेलेला असेल तर तो वर्षाला साधारण अंशभर सरकत राहू शकतो, हे त्यांच्याच कामातून कळलं. म्हणजे ‘उंची थांबली की थांबेल’ हे लहान बाकाबद्दल बरोबर होतं, तुमच्याबद्दल नव्हतं. तुमचा वेग असाच राहिला तर साठीत तुम्ही ७५-८० च्या घरात असाल.

पण त्याच लोकांनी २००३ मध्ये जे छापलं तेही सांगायला हवं, नाहीतर मी तुम्हाला घाबरवून टेबलावर चढवल्यासारखं होईल. ती माणसं आयुष्यभर बाक घेऊन जगली होती. बहुतेकांनी नोकऱ्या केल्या, संसार केले. पाठदुखी इतरांपेक्षा जास्त होती, आपल्या दिसण्याबद्दल खंतही होती. धाप लागण्याचा त्रास मुख्यतः छातीचा बाक ८० च्या पुढे गेलेल्यांना. तेव्हा ‘नाही केलं तर काय होईल’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं, की बहुधा भयंकर काही होणार नाही. बाक हळूहळू वाढेल, आणि पुढे कधी ऑपरेशन करायचं ठरलंच तर कणा जास्त ताठर झालेला असेल, हाडं विरळ झालेली असतील, गुंतागुंत वाढलेली असेल. ‘चाळिशीच्या आत’चा अर्थ एवढाच. पुढच्या महिन्यातली तारीख धरा असा तो नाही.

आता कंबर. तुमचा बाक छातीच्या भागात आणि दुखणं संध्याकाळी कमरेत. सर्जनला विचारा, “हे माझं रोजचं दुखणं या ऑपरेशननं जाईल का?” आणि तो काय म्हणतो ते अक्षरशः लिहून घ्या. जाईलच असं बहुधा म्हणणार नाही. म्हणाला तर दुसऱ्या सर्जनकडे जा. दुखणारा भाग एल ३ च्या खाली असेल तर तो ऑपरेशननंतरही तुमच्याकडेच राहणार, उलट त्याच्यावर कामाचा बोजा वाढणार. माझं तसंच झालं. माझे खाली दोनच सांधे मोकळे राहिले आणि लांबच्या एसटी प्रवासानंतर ते मला आपण असल्याची आठवण करून देतात. केवळ कंबरदुखीसाठी तुम्ही हे ऑपरेशन करणार असाल तर माझं उत्तर सरळ ‘नको’ असं आहे. आधी बाकाची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे सहा महिने इमानदारीनं जा. व्यायामानं या वयात हाड सरळ होत नाही, पट्ट्यानंही होत नाही, तसं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर पैसे वाचवा. पण दुखणं कमी होऊ शकतं. काउंटरची खुर्चीही बदलून मागा. मॅनेजर कुरकुर करेल, करू दे.

तुमच्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला शब्द म्हणजे ‘एल ३’. तुम्ही तो सहज लिहून गेलात. या ऑपरेशनमध्ये वरचा स्क्रू कुठे, यापेक्षा सर्वांत खालचा स्क्रू कुठे, यावर तुमचं पुढचं घर कसं चालेल ते ठरतं. छातीचे मणके तसेही फार वाकत नाहीत, बरगड्यांनी जखडलेले असतात. आपण वाकतो ते कमरेच्या मणक्यांतून आणि खुब्यातून. एल ३ ला थांबलं तर खाली तीन सांधे मोकळे राहतात. तेवढ्यावर मांडी घालून बसता येतं, रांगोळी काढता येते, भारतीय पद्धतीचा संडास बहुतेकांना जमतो. तेच स्क्रू पार माकडहाडाच्या वरच्या हाडापर्यंत, ओटीपोटाच्या हाडात गेले, तर पायाची नखं कापणं, मोजे घालणं आणि, स्पष्टच लिहिते, संडासात स्वतःला धुणं, हे सगळं नव्यानं शिकावं लागतं. हे दवाखान्यात कोणी आपणहून सांगत नाही. तेव्हा विचारा : एल ३ पक्कं आहे का? टेबलावर गेल्यावर ते एल ४ होण्याची शक्यता किती? वाकून काढलेले एक्स-रे बघून हे ठरवलंय ना? माझ्याबाबतीत आधी एल ३ म्हटलं होतं, बाहेर आले तेव्हा एल ४ होतं. कारण योग्य असेल, पण मला ते शुद्धीवर आल्यावर कळलं, आणि तो राग जायला दोन वर्षं लागली.

सासूबाईंच्या भीतीला टाकून बोलू नका. त्यांनी पाहिलेलं ऑपरेशन खरंच वेगळं होतं. टेक्सासच्या डॉ. हॅरिंग्टन यांनी मुळात पोलिओच्या मुलांसाठी एक रॉड काढला, त्याची पद्धत १९६२ मध्ये छापून आली, आणि पुढची पंचवीसेक वर्षं जगभर तोच वापरात होता. वर एक हूक, खाली एक हूक, मध्ये जॅकसारखा ताणलेला रॉड. पकड कच्ची, म्हणून बाहेरून प्लास्टर. कमरेची नैसर्गिक खळगी त्यात सपाट व्हायची, आणि मग माणूस पुढे कलून चालायचा. आता बहुतेक मणक्यांत स्क्रू असतात, दोन्ही बाजूंना रॉड असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुम्हाला उभं करतात. प्लास्टर सहसा नसतं.

लुळं पडण्याचा धोका शून्य नाही. शून्य सांगणाऱ्याकडून ऑपरेशन करून घेऊ नका. तो कमी ठेवण्यासाठी ऑपरेशन चालू असताना हातापायांपर्यंत जाणारे मज्जारज्जूचे संदेश यंत्रावर सतत पाहतात. संदेश मंदावला तर सर्जन तिथेच थांबतो, ओढ सैल करतो. हे यंत्र नव्हतं तेव्हा, १९७३ मध्ये, फ्रान्समधल्या डॉक्टरांनी वेगळीच युक्ती मांडली होती : रुग्णाला ऑपरेशनच्या मध्येच अर्धवट जागं करायचं आणि “पाय हलवा” म्हणायचं. आजही यंत्रावर शंका आली तर असं करतात. सासूबाईंना हे सांगा. माझ्या आईला यंत्रापेक्षा या गोष्टीनं जास्त धीर आला होता. आणि सर्जनला विचारा की मॉनिटरिंग आहे का, ते पाहणारा माणूस कोण, आणि तुमच्यासारख्या मोठ्या माणसांची अशी ऑपरेशनं तो वर्षाला किती करतो. मुलांची वेगळी मोजायची. मोठ्यांमध्ये जंतुसंसर्ग, रक्तस्राव, पुन्हा टेबलावर जावं लागणं, सगळंच मुलांपेक्षा जास्त होतं.

आणि रॉड म्हणजेच इलाज असं समजू नका. स्लॅब भरताना सेंटरिंग लावतात ना, रॉड म्हणजे ते सेंटरिंग. खरा इलाज म्हणजे मणक्यांमध्ये भरलेला हाडाचा चुरा जुळून बारा मणक्यांचं एक हाड होणं. त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. फरक एवढाच की सेंटरिंग नंतर काढतात आणि रॉड आत राहतो. स्लॅब धरलाच नाही तर रॉड एकटा भार वाहत राहतो आणि एखाद दिवशी मोडतो. म्हणून पत्रात नसलेली एक गोष्ट विचारते : मिश्री लावता का? आपल्याकडे बायका तिला तंबाखू धरतच नाहीत, दात घासते म्हणतात. निकोटिन हाड जुळू देत नाही. लावत असाल तर सर्जनला खरं सांगा आणि त्याआधी सोडा. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. ऑपरेशननंतर कुठली वेदनाशामकं घ्यायची नाहीत तेही विचारून ठेवा.

घरी आल्यानंतरचे तीन महिने मी वेगळ्या वहीत लिहून ठेवलेत, त्यातलं थोडं देते. पहिला आठवडा कुशीवर वळायचं तर ओंडक्यासारखं, खांदा आणि खुबा एकदम. वाकायचं नाही, उचलायचं नाही, कंबर पिळायची नाही. पडलेली वस्तू पायाच्या बोटांनी उचलायला मी शिकले, अजून उचलते. गुंगीच्या गोळ्यांनी पोट असं आवळतं की पाठीपेक्षा त्याचंच रडू येतं, इसबगोल आधीच आणून ठेवा. पाठीवरचा एक तळहाताएवढा भाग आजही बधिर आहे, आणि खाज नेमकी त्याच्या आत सुटते. चौथ्या आठवड्यात, दुपारी तीनला, घरात कोणी नसताना मी भिंतीला धरून उभी होते आणि मोठ्यानं म्हणाले, ‘कशाला केलं हे?’ हा दिवस पुष्कळांना येतो. तो आला म्हणजे निर्णय चुकला असं नसतं, पण तेव्हा ते पटत नाही. त्या दिवसांत घरात कोणीतरी हवं. बैठ्या कामावर दोन-तीन महिन्यांनी जाता येतं, पण मुलीला कडेवर घेणं सहा महिने विसरा. तिला आधीच सांगा, आई कॉटवर बसेल आणि तू शेजारी येऊन मिठी मारायची. दुसरं मूल हवं असेल तर तेही आधी सर्जनशी बोला. रॉडमुळे गरोदरपण अडत नाही, पण हाड जुळेपर्यंत थांबायला सांगतात, आणि बाळंतपणात भूल देणाऱ्या डॉक्टरला फ्युजन कुठपर्यंत आहे ते माहीत असावं लागतं.

पैशाचं थोडक्यात. बँकेची ग्रुप पॉलिसी असेल तर जुना आजार त्यात धरलाय का ते एचआरकडून ईमेलवर घ्या, तोंडी नको. स्वतःची वेगळी पॉलिसी असेल तर जुन्या आजारासाठीची प्रतीक्षा २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांची केली आहे. अंदाजपत्रकात स्क्रू-रॉड, मॉनिटरिंग, आयसीयू, रक्त या चार ओळी वेगळ्या लिहून मागा. खोलीच्या भाड्याची मर्यादा बघा. वरची खोली घेतली तर कंपनी बाकीच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लावू शकते.

‘तुला वाटेल तसं कर’ म्हणणाऱ्या नवऱ्याबद्दल मला फार राग नाही. बहुतेक वेळा ती भीतीच असते, पाठिंब्याचे कपडे घालून आलेली. त्यांना पुढच्या तपासणीला नुसतं बरोबर नेऊ नका, प्रश्नांचा कागद त्यांच्या हातात द्या. वाचायचं त्यांनी. मग संध्याकाळी विचारा, तीन महिने डबा कोण करणार, हिला शाळेत कोण सोडणार. उत्तर आलं तर बरं, नाही आलं तर तारीख पुढे ढकला.

आणि मुलगी. असा बाक घराण्यात चालू शकतो. दहाव्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी तिला पाय जुळवून, हात सोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. एका बाजूची बरगडी उंच दिसली तर हाडाच्या डॉक्टरकडे. वाढीच्या वयात पट्ट्याचा उपयोग होतो, तो तुमच्या वेळी कोणी सुचवला नाही. फक्त तिला ऊठसूट ‘पोक काढू नकोस’ म्हणू नका. दप्तरानं किंवा बसण्यानं हा बाक येत नाही, आणि तुम्हालाही तसा आला नव्हता.

आता ता. क. हे कारण धरायचं असतं का? हो. आपल्याकडे दुखतंय म्हणून पोट फाडलं तर ते औषध, आणि स्वतःला नीट बघायचंय म्हणून केलं तर नखरे. वाढणारा बाक, तुमचं वय, एल ३, आणि हा ब्लाउज, ही चार कारणं मला एकत्र पुरेशी वाटतात. फिल्मवरचा फरक खरा निघाला, खालचा स्क्रू एल ३ वरच थांबणार असेल आणि घरच्या तीन महिन्यांची सोय लागली असेल, तर तुमच्या जागी मी करेन. यातलं एक जरी डळमळीत असेल तर दोन वर्षांनी पुन्हा उभ्यानं एक्स-रे काढेन आणि तोवर निवांत झोपेन.

फक्त काय मिळेल ते नीट पाहून घ्या. बाक कमी होतो, रेघेसारखा सरळ होत नाही. उजवीकडचा बरगडीचा उंचवटा बराच बसतो, थोडा राहतो. उंची दोनेक सेंटिमीटर वाढते. आणि बाकाच्या जागी मानेखालपासून कमरेपर्यंत व्रण येतो. म्हणजे मागे खोल गळ्याचा ब्लाउज शिवलात तर लोकांना बाकाऐवजी व्रण दिसणार. ब्रिटनच्या राजघराण्यातल्या युजिनीचं हेच ऑपरेशन बाराव्या वर्षी झालं होतं, आणि २०१८ मध्ये लग्नात तिनं व्रण दिसावा म्हणून मुद्दाम पाठ उघडी असलेला पोशाख शिवून घेतला. ते राजवाड्यात. सांगलीत हळदीकुंकवाला मागून कुजबुज होणारच. ती तुम्हाला बाकापेक्षा हलकी वाटेल की नाही, हे आधी करून बघता येतं.

म्हणून एक काम या आठवड्यात करा. त्याच टेलरकडे जा, दोन्ही बाजूंची मापं घेऊ द्या, आणि या वेळी मागचा गळा चार इंच खाली सांगा. तो ब्लाउज घालून एका लग्नाला जाऊन या. मग मला पुन्हा लिहा.